‘कसं वाटतंय?’ हे मोजायचं कसं

जुनाट वेदना असलेल्या 80 जणांचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. काम अगदी साधं होतं. दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी, आत्ता किती दुखतंय ते नोंदवायचं. निम्म्यांना हातात मावणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र दिलं, निम्म्यांना कागदी डायरी. मात्र या कागदी डायरीच्या कव्हरात उजेड ओळखणारा सेन्सर बसवलेला होता. डायरी कधी उघडली आणि कधी मिटली, हे तो मुकाट्याने टिपत होता.

कागदावर पाहिलं तर 90 टक्के नोंदी वेळच्या वेळी केलेल्या. सेन्सरच्या हिशेबाने वेळेवर झालेल्या नोंदी होत्या 11 टक्के. जवळजवळ एक तृतीयांश दिवस तर डायरी उघडलीच गेली नव्हती, तरी त्या दिवसांचे रकानेही भरलेले होते. म्हणजे बऱ्याच जणांनी कित्येक दिवसांच्या वेदना एका बैठकीत लिहून काढल्या होत्या. यंत्रवाल्यांकडे ही सोय नव्हती, कारण यंत्र मागच्या तारखेची नोंद घेतच नसे. त्यांच्या वेळेवर झालेल्या नोंदी होत्या 94 टक्के.

यात रुग्णांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. सुट्टीतली रोजनिशी शाळा उघडायच्या आदल्या रात्री कोणी लिहिलेली नाही? त्यांना वेदना नव्हत्या असंही नाही. संशोधकांना हवी होती त्या क्षणाची वेदना आणि कागदावर उतरली ती आठवणीतली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला कव्हरात सेन्सर लपवावा लागला. रुग्णाचा अनुभव मोजायचा म्हणजे केवढा खटाटोप, त्याची ही एक झलक.

एखादं औषध उपयोगी आहे की नाही याचे पुरावे साधारण तीन वाटांनी येतात. पहिला पुरावा यंत्र सांगतं: रक्तातली साखर, स्कॅनमधली गाठ. दुसरा पुरावा डॉक्टर पाहून सांगतो: सांधा सुजलाय, पुरळ कमी झालंय. तिसरा रुग्णालाच विचारावा लागतो, कारण वेदना, मळमळ, खाज, थकवा, धास्ती या गोष्टींना दुसरा साक्षीदार नसतो. या तिसऱ्या प्रकाराला संशोधनाच्या भाषेत ‘पेशंट रिपोर्टेड आउटकम’ म्हणतात, थोडक्यात पीआरओ. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, 2009 साली याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातली व्याख्या अशी: रुग्णाच्या प्रकृतीबद्दल थेट रुग्णाकडून आलेली माहिती, जिचा मध्ये डॉक्टरने किंवा आणखी कोणी अर्थ लावलेला नाही.

‘मध्ये कोणी नाही’ हा या व्याख्येचा कणा. आईच्या वतीने मुलाने फॉर्म भरला, तर तो पीआरओ होत नाही. तान्ही बाळं किंवा स्मृतिभ्रंश झालेली माणसं स्वतः सांगू शकत नाहीत, तिथे घरच्यांना विचारतात, पण दिसेल तेवढंच. ‘रात्री तीनदा रडला’ हे चालतं. ‘त्याचं पोट दुखत होतं’ हा अंदाज झाला.

एक गल्लत इथेच दूर करतो. दवाखान्यात वाट किती पाहावी लागली, डॉक्टर नीट बोलले का, औषध कसं घ्यायचं ते कोणी समजावलं का, हेही रुग्णाचेच अनुभव आणि तेही मोजतात. पण ती सेवेची पारख झाली. सेवा उत्तम आणि गुडघा तसाच, असं होऊ शकतं. उलटही होतं. पुढे लिहिलंय ते गुडघ्याबद्दल, म्हणजे त्रास कमी झाला का याबद्दल.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर विचारतातच की. विचारतात. ते कसं घडतं ते जवळून पाहू. केमोथेरपी सुरू असलेली बाई तपासणीला आली आहे.

“कसं काय? बरं वाटतंय ना?”

“हो, ठीक आहे.”

“मळमळ वगैरे?”

“होते थोडी.”

केसपेपरवर जातं: मळमळ, ग्रेड 1, म्हणजे सौम्य. पण त्या ‘थोडी’मध्ये काय काय असतं? स्वयंपाकाचा वास आला की खोली सोडून जाणं असतं. बाहेर रांग लागली आहे, डॉक्टरांचा वेळ कशाला खायचा, हा संकोच असतो. फार तक्रार केली तर डोस कमी करतील, आणि मग गाठ वाढली तर, ही भीतीही असते. शिवाय प्रश्नच ‘बरं वाटतंय ना?’ असा टाकला, की ‘हो’ म्हणणं हीच रीत.

इटलीतल्या संशोधकांनी 2015 मध्ये 1090 कर्करुग्णांची माहिती ताडून पाहिली. सहा त्रासांबद्दल रुग्णांनी फॉर्मवर काय लिहिलं आणि डॉक्टरांनी काय नोंदवलं, हे शेजारी शेजारी मांडलं. रुग्णाने सांगितलेला त्रास डॉक्टरांच्या नोंदीत नसण्याचं प्रमाण त्रासागणिक 41 ते 74 टक्के निघालं. त्या सहांत केस गळणंही होतं, हे मला फार बोलकं वाटतं. समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर दिसणारी गोष्टसुद्धा नोंदीतून सुटते, तर न दिसणाऱ्या थकव्याची काय कथा! हे डॉक्टर बेफिकीर होते असं म्हणायचं नाही. त्यांची नजर धोक्याच्या खुणा शोधायला तयार झालेली असते, जिवाला धोका नसलेलं तिच्यातून गळतं.

म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने रुग्णांनी स्वतः भरायचा एक संच तयार केला, प्रो-सीटीसीएई नावाचा. त्यात 78 लक्षणं आणि 124 प्रश्न आहेत. सगळे एकाच रुग्णाला विचारत नाहीत, त्या त्या औषधाला लागतील तेवढे निवडतात. प्रश्नांची मांडणी पाहण्यासारखी आहे. गेल्या सात दिवसांत मळमळ किती वेळा झाली? जास्तीत जास्त तीव्र झाली तेव्हा किती होती? वेदना किंवा थकव्याच्या बाबतीत आणखी एक: त्याने रोजच्या कामात किती अडथळा आला? रुग्णाच्या एका ‘थोडी’चे असे वेगवेगळे पदर सुटे होतात.

कधी कधी औषधाचा खरा परिणाम दिसतोच मुळी रुग्णाच्या नोंदीत. मायलोफायब्रोसिस या रक्ताच्या आजारात अस्थिमज्जेत चट्टे पडतात, प्लीहा म्हणजे पाणथरी अवाढव्य वाढते. रात्री घामाने कपडे भिजतात, अंगाला खाज सुटते, चार घास खाल्ले की पोट भरतं. रुक्सोलिटिनिब या औषधाच्या चाचणीत प्लीहेचं आकारमान स्कॅनवर मोजलंच, शिवाय रुग्णांनी ही लक्षणं रोज एका इलेक्ट्रॉनिक डायरीत नोंदवली. 24 आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी 45.9 टक्के लोकांचा एकूण लक्षणांचा गुणांक निम्म्याने किंवा त्याहून जास्त खाली आला होता. प्लासिबो, म्हणजे बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 5.3 टक्के होतं. औषधाला 2011 मध्ये मंजुरी मिळाली आणि रुग्णांनी सांगितलेला हा फरक औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात छापला गेला. रुग्णाला प्लीहेच्या आकाराचं फारसं सोयरसुतक नसतं. त्याला रात्री कोरड्या कपड्यात झोपायचं असतं.

मग प्रश्नावली करायची म्हणजे चार जाणकारांनी बसून प्रश्न लिहायचे का? बराच काळ तसंच चालत आलं. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचं उदाहरण घ्या. 1990च्या दशकात औषध लागू पडलं की नाही हे ठरवायचे निकष बनले: किती सांधे दुखतात, किती सुजले आहेत, वेदना किती, हालचालीला किती अडथळा, शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची चाचणी काय म्हणते. यादी भक्कम होती. या विषयावर काम करणाऱ्या ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय गटाने 2002 च्या परिषदेत पहिल्यांदा रुग्णांनाही चर्चेला बसवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, यात थकवा कुठे आहे? झोपून उठलं तरी न जाणारा, दिवसच्या दिवस गिळणारा थकवा त्यांच्या लेखी सांध्यांइतकाच मोठा होता आणि यादीत त्याला जागा नव्हती. पाच वर्षांनी, 2007 मध्ये, या आजाराच्या सगळ्या चाचण्यांत थकवा मोजावा अशी शिफारस झाली.

म्हणून आता सुरुवात रुग्णांशी गप्पांपासून करतात. आजारी माणसांना मोकळेपणी बोलू द्यायचं, त्यांचेच शब्द टिपायचे, नव्या माणसाकडून नवं काही निघेनासं झालं की थांबायचं. त्यातून प्रश्न लिहायचे आणि पुन्हा रुग्णांपुढे ठेवायचे. ‘हा प्रश्न वाचताना मनात काय येतंय ते मोठ्याने बोला’ असं सांगायचं. भल्या भल्या प्रश्नांची दांडी इथे उडते.

हा प्रश्न बघा: ‘गेल्या आठवड्यात चालताना किंवा जिने चढताना दम लागला का?’ वरकरणी निर्दोष. पण यात दोन प्रश्न आहेत. सपाटीवर ठीक पण जिन्यावर धाप, अशा माणसाने काय लिहायचं? ज्याचा जिन्याशी संबंधच येत नाही, त्याने? खरी मेख तिसरीच आहे. दम लागतो म्हणून ज्याने वर्षभरापूर्वी जिने चढणंच सोडलं, तो प्रामाणिकपणे ‘नाही’वर खूण करतो. सगळ्यात जास्त त्रास असलेला माणूस कागदावर ठणठणीत ठरतो.

भाषांतरात तर आणखी गमती. मराठीत ‘दुखणं’ म्हणजे वेदना आणि ‘दुखणं’ म्हणजे आजारही. ‘तुमचं दुखणं आता कसं आहे?’ असं विचारलं तर एकजण गुडघ्याबद्दल सांगेल आणि दुसरा सगळ्या आजाराबद्दल. उलट वेदनेचे प्रकार सांगायला आपल्याकडे शब्दांची रेलचेल: ठणका, कळ, चमक, सणक, आग, टोचणी. इंग्रजीतल्या एखाद्या शब्दापुढे मराठीतला नेमका कोणता ठेवायचा? ‘थकवा’ आणि ‘अशक्तपणा’ अनेकांना एकच वाटतात. डॉक्टरांच्या लेखी दुसऱ्यात स्नायूंचं बळ गेल्याचा संशय येतो. म्हणून शिस्त अशी आहे: दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, दोन्हींचा मेळ घालायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट मूळ भाषेत आणायचं, तफावत तपासायची आणि शेवटी खऱ्या रुग्णांना वाचायला द्यायचं. मला विचाराल तर शेवटची पायरी सगळ्यात मोलाची आणि घाईत पहिली कात्री तिलाच लागते. उलट भाषांतर जुळलं म्हणजे वाक्य माणसाला कळलं असं होत नाही.

प्रश्नात काळ किती धरायचा, आत्ता, काल की गेला महिना, हाही वादाचा मुद्दा. रेडेलमायर आणि कानमन या संशोधकांनी 1996 मध्ये कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, होत असलेल्या 154 रुग्णांना दर मिनिटाला वेदनेचा आकडा विचारला आणि नंतर ‘एकूण किती दुखलं’ हेही विचारलं. काहींची तपासणी 4 मिनिटांत संपली, काहींची 67 मिनिटं चालली. पण नंतरच्या उत्तराचा या कालावधीशी जवळजवळ संबंधच नव्हता. संबंध होता तो सगळ्यात दुखलेल्या क्षणाशी आणि शेवटच्या तीन मिनिटांशी. आठवण बेरीज करत नाही, कळस आणि शेवट तेवढे लक्षात ठेवते. वेदनेसाठी अलीकडे ‘गेल्या 24 तासांत’ असं विचारायची प्रथा पडली आहे, ती अशाच कारणांनी.

प्रश्न ठरले की वजनकाट्याची तपासणी करावी तशी प्रश्नावलीची तपासणी होते. प्रकृती बदललेली नसताना आठवड्याने पुन्हा विचारलं तर उत्तर साधारण तेच येतं का? बदलली तर आकडा हलतो का? यातून पार पडलेल्या आणि जगभर वापरात असलेल्या काही प्रश्नावल्या आहेत: कर्करोगासाठी 30 प्रश्नांची क्यूएलक्यू-सी30, सर्वसाधारण प्रकृतीसाठी 36 प्रश्नांची एसएफ-36. सगळ्यात आटोपशीर ईक्यू-5डी. हिंडणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना, चिंता असे पाच प्रश्न आणि प्रत्येकाला पाच पर्याय. एवढ्यातून प्रकृतीच्या 3125 वेगवेगळ्या अवस्था तयार होतात. यातल्या कोणत्या अवस्थेची किती किंमत, हे सर्वसामान्य लोकांना विचारून ठरवतात आणि काही अवस्थांना उणे आकडा मिळतो. म्हणजे लोकांच्या मते ते जगणं मरणाहून वाईट. हा आकडा पुढे औषधावर पैसे खर्चावेत का या हिशेबात जातो. पाच खुणांवर केवढा भार, असं वाटल्यावाचून राहत नाही.

गुणांक आले. समजा, नव्या औषधाने वेदनेचा आकडा सरासरी 0.6 ने खाली आला आणि संख्याशास्त्र म्हणतं, फरक योगायोगाचा नाही. छान, पण रुग्णाला तो जाणवला का? हजारो लोक घेतले तर कसलाही बारीक फरक ‘सिद्ध’ होतो. 1989 मध्ये येश्के, सिंगर आणि गायट या संशोधकांनी यावर सरळ उपाय मांडला: रुग्णांनाच विचारा, आधीपेक्षा बरं आहे का? ‘थोडं बरं आहे’ म्हणणाऱ्यांचा आकडा सरासरी जितका सरकला असेल, तो जाणवण्याजोगा किमान फरक धरायचा. जुनाट वेदनेच्या 0 ते 10 पट्टीवर रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक साधारण 2 अंकांचा किंवा 30 टक्क्यांचा धरतात. पुढच्या वेळी ‘औषधाने वेदना लक्षणीय कमी’ असा मथळा दिसला, तर किती अंकांनी ते शोधा.

आता दुसरी बाजू. रुग्णाचा शब्द अंतिम मानायचा का? 2011 मधला दम्याचा एक छोटा अभ्यास या प्रश्नावर खिळवून ठेवतो. त्याच रुग्णांना आलटून पालटून चार गोष्टी मिळाल्या: औषधाचा इनहेलर, बिनऔषधाचा इनहेलर, खोटं अ‍ॅक्युपंक्चर आणि काहीच नाही. फुंकर मारून मोजलेली फुप्फुसाची क्षमता खऱ्या औषधाने 20 टक्के वाढली, बाकी तिन्हींत जेमतेम 7 टक्के. ‘किती बरं वाटलं?’ याची उत्तरं मात्र अशी: खरं औषध 50 टक्के, खोटा इनहेलर 45, खोटं अ‍ॅक्युपंक्चर 46, काहीच नाही 21.

यावर दोन टोकांचे लोक दोन घोषणा देतात. एक म्हणतो, बघा, रुग्णाच्या सांगण्यावर भरवसा नाही. दुसरा म्हणतो, बरं वाटलं ना, मग झालं. दोघंही घाई करतात. बरं वाटणं खरंच होतं, पण श्वासनलिका आकसलेल्याच होत्या आणि दम्यात ते जिवावर बेतू शकतं. इथे यंत्राचा आकडा आणि रुग्णाचा आकडा दोन्ही लागतात. आणि आपल्याला खरं औषध मिळालंय की खोटं हे रुग्णाला कळता कामा नये, ही अट पीआरओच्या बाबतीत दुप्पट महत्त्वाची ठरते. ज्या चाचणीत रुग्णाला सगळं ठाऊक असतं, तिथला ‘बरं वाटतंय’ जरा हात राखूनच घ्यावा.

अडचणी आणखीही आहेत. लांबच्या आजारात माणसाची मोजपट्टीच बदलते. निदानाच्या दिवशी 10 पैकी 7 वाटलेली वेदना, वर्षभर त्याहून वाईट पाहिल्यावर 4 वाटू लागते. आकडा सुधारतो, वेदना तीच असते. याला ‘रिस्पॉन्स शिफ्ट’ असं नाव आहे. तो दोष मानावा की माणसाच्या जुळवून घेण्याचं यश, यावर अजून एकमत नाही. मला दुसरं पटतं, पण औषधाचं श्रेय ठरवताना त्याने घोळ होतो हेही खरं. त्याहून फसवा असतो कोरा फॉर्म. जो अंथरुणाला खिळला तो प्रश्नावली भरत नाही. उरलेल्या, जरा बऱ्या माणसांची सरासरी दर महिन्याला वर चढत जाते आणि आलेख पाहणाऱ्याला वाटतं, सगळे सुधारताहेत. म्हणून अहवालात ‘किती जणांनी भरलं’ हा आकडा आधी बघावा, गुणांक नंतर.

इतकी वर्षं हे सगळं औषधाची परीक्षा घेण्यासाठी चाललं होतं. न्यूयॉर्कमधल्या कर्करोग रुग्णालयात ईथन बॅश या कर्करोगतज्ज्ञांनी वेगळाच प्रश्न विचारला: नुसतं नियमित विचारत राहिलं तर? कर्करोग पसरलेले 766 रुग्ण घेतले. काहींची देखभाल नेहमीसारखी. बाकीच्यांनी 12 नेहमीची लक्षणं टॅबलेट-कॉम्प्युटरवर किंवा घरून कॉम्प्युटरवर भरायची. त्रास गंभीर झाला किंवा वाढला की नर्सला ईमेल जायचा. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार नेहमीच्या गटात मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ, 26 महिने होतं आणि लक्षणं भरणाऱ्या गटात 31.2 महिने. औषधं तीच. फरक इतकाच की उलटी, धाप, वेदना यांची खबर पुढच्या भेटीपर्यंत थांबली नाही, नर्सने फोन केला, डोस सावरला, काहींना केमोथेरपी जास्त काळ झेपली.

हा फरक पडला, कारण पलीकडे कोणीतरी वाचत होतं. नेहमीच्या औषध-चाचण्यांत तसं असेलच असं नाही. अनेक ठिकाणी भरलेल्या प्रश्नावल्या सरळ माहितीसाठ्यात जातात आणि चाचणी संपल्यावरच एकत्र उघडल्या जातात. ‘असह्य’वर खूण करणाऱ्याला मात्र वाटत असतं की आपण डॉक्टरांना कळवलं. तेव्हा अशा चाचणीत कधी सहभागी झालात आणि फॉर्म पुढे आला, तर सही करण्याआधी विचारा, हे कोण वाचणार आणि कधी? उत्तर ‘शेवटी’ असं आलं, तर जे फॉर्मवर लिहिलंत ते तोंडानेही सांगा. आणि तेव्हा ‘थोडी’ म्हणू नका.